जांभ्याच्या कच्च्या वाटेवर कंबर शाबूत ठेवणारी इलेक्ट्रिक गाडी कोणती?

सुरंगी

मंडळी, इलेक्ट्रिक स्कूटर किंवा बाईक घ्यायची आहे. टॉप स्पीड, मोठा स्क्रीन, गाणी वगैरे नको. रस्ता असा: वाडीपासून डांबरीपर्यंत ६ किमी कच्ची वाट, तांबडी माती आणि वर आलेला जांभा, दोन ठिकाणी खडी टाकून रोलर न फिरवता सोडलेली. पुढे कुडाळपर्यंत १४ किमी डांबरी, म्हणजे ठिगळंच. जाऊन-येऊन रोज ४० किमी. बहुतेक वेळा मागे आई, साडीत, एका बाजूला बसणारी, कंबरेचं दुखणं असलेली. अधूनमधून गॅस सिलिंडर किंवा तांदळाचं पोतं. महिन्यातून दोनेकदा आंबोली. बजेट दीड लाखाच्या आसपास.

शोरूमवाले फक्त रेंज सांगतात. दणके कमी बसतील आणि खडीवर हँडल हातात राहील, यासाठी नक्की काय बघायचं?

बोंबलाची_चटणी

गाडी कसली बघतास? आधी रस्तो बघा. गाडी बदलून काय उपेग नाय, रस्तो बदलूक होयो.

त्रिज्या

वरच्यांचं खरं आहे, पण रस्ता शोरूममध्ये मिळत नाही. :)

सर्वात आधी चाकाचा बाहेरचा व्यास बघा. रिमचा नव्हे, टायरसकट. टायरवर लिहिलेलं असतं त्यावरून घरीच काढता येतो. ९०/९०-१२ म्हणजे रुंदी ९० मिमी, बाजूची उंची तिच्या ९० टक्के म्हणजे ८१ मिमी, रिम १२ इंच म्हणजे ३०५ मिमी. ३०५ + ८१ + ८१ = ४६७ मिमी.

आता ३० सेंमी लांबीचा खोल खड्डा घ्या. त्यात चाक किती खाली उतरतं याचा साधा भूमितीचा हिशेब:

९०/१००-१० (जुन्या पेट्रोल स्कूटरचं चाक): ६० मिमी
९०/९०-१२ (आजच्या बहुतेक ई-स्कूटर): ५५ मिमी
११०/७०-१४ (रिव्हर इंडीचं पुढचं): ४९ मिमी
९०/८०-१७ (रिव्होल्ट आरव्ही४०० चं पुढचं): ४२ मिमी

खड्डा तोच. १० इंची आणि १७ इंचीत १८ मिमीचा फरक, आणि तेवढंच परत वर चढायचं. मोठं चाक कडेवर आपटतंही कमी तिरक्या कोनात, म्हणजे दणका मागे ढकलण्याऐवजी वर उचलतो. आधी हे, मग बाकीचं.

रंकाळ्याचा_वारा

मग विषयच संपला की भावा. १७ इंची बाईक घ्या. रिव्होल्ट आरव्ही४०० घ्या, नाहीतर ओबेन रोर. आमच्याकडं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यात जी चाकोरी पडत्या, तीत १२ इंची स्कूटर एकदा घुसली की बाहेर निघंना.

साडेतीन_शहाणे

@रंकाळ्याचा_वारा, धागा परत वाचा. सिलिंडर कुठे ठेवणार, टाकीवर? १४.२ किलो गॅस आणि जवळपास तितकंच रिकामं सिलिंडर, म्हणजे ३० किलो. सपाट फ्लोअरबोर्ड ही इथे चैन नाही, अट आहे.

आणि मागे एका बाजूला बसणारी व्यक्ती. आरव्ही४०० ची सीट ८१४ मिमीवर, त्यात बाईकचं मागचं सीट अजून उंच. कंबर दुखणाऱ्या माणसाला रोज दोनदा त्यावर चढवायचं म्हणजे खड्ड्यांचा त्रास वाचवून चढण्याचा पदरात घ्यायचा. एथर रिझ्टाची सीट ७८० मिमी, लांब आणि सपाट. फरक ३४ मिमीचाच दिसतो, पण गुडघ्याला विचारा.

कोनसेट

त्रिज्याभाऊंचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. चाक खड्ड्यात ५५ मिमी उतरलं म्हणून माणूस ५५ मिमी उतरतो असं नाही. मधे सस्पेन्शन आहे. ते किती चांगलं काम करतं हे त्याच्या खाली किती वजन लटकलंय यावर ठरतं. चाक, टायर, ब्रेक, हे सगळं शॉकच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) खालचं वजन. ते जितकं जड, तितकं खड्ड्यातून वर उसळल्यावर त्याला आवरायला शॉकला जड जातं.

इथे इलेक्ट्रिक गाड्यांत मोठा फरक आहे. टीव्हीएस आयक्यूबची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमधच आहे. साधी, चेन-बेल्टची कटकट नाही, देखभाल जवळपास शून्य. पण मोटरचं सगळं वजन शॉकच्या खाली. एथरची मोटर मध्यभागी, बेल्टने चाक फिरवते, त्यामुळे मागचं चाक हलकं. गुळगुळीत रस्त्यावर हा फरक कळणारही नाही. जांभ्यावर ओळीने उठलेल्या दगडांवरून ३० च्या वेगाने गेलात की मागच्या सीटवरच्याला कळतो.

उलट बाजूही सांगतो: बेल्टच्या दातांत बारीक खडा अडकला तर टकटक आवाज येतो आणि तसंच चालवलं तर बेल्टला चीर जाते. कच्च्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा मेन स्टँडवर घेऊन, गाडी बंद ठेवून चाक हाताने फिरवा आणि बेल्ट आतून-बाहेरून बघा.

सुरंगी

@कोनसेट, म्हणजे आयक्यूब बाद?

कोनसेट

नाही हो. बाद कशाला. मागे दोन्ही बाजूंना शॉक आहेत, पुढे टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचं सस्पेन्शन) आहे, सीट रुंद आहे. त्या वर्गातली आरामदायी गाडीच आहे. मी फक्त इतकंच म्हणतोय की हबमोटरवाली गाडी मागे बसून तपासा. टेस्ट राइड घेणारा नेहमी पुढे बसतो आणि विकत घेतल्यावर शिव्या मागचा घालतो.

अर्धा_कप

चेतक राहिली. पत्र्याची बॉडी, आमच्या आजोबांच्या नावाला जागणारी. पुढे एकाच बाजूने धरलेलं लिंकवालं सस्पेन्शन. ब्रेक मारल्यावर टेलिस्कोपिकसारखं पुढून खाली बसत नाही, हा त्याचा फायदा. तोटा म्हणजे लिंकची बुशं, म्हणजे सांध्यातल्या कड्या. तांबडी धूळ आत गेली की झिजतात आणि पुढून खडखड सुरू होते. बुशं बदलणं अवघड नाही, पण गॅरेजवाल्याने आधी ते काम केलेलं असावं.

मृगजळ

११०/७०-१२ अशी रुंद टायर असलेल्या गाड्या खडीवर जास्त स्थिर नसतील का? ९० ची टायर किती बारीक दिसते.

त्रिज्या

@मृगजळ, दिसण्यावर जाऊ नका. ११०/७०-१२ ची बाजूची उंची ७७ मिमी, ९०/९०-१२ ची ८१. म्हणजे रुंद टायरमध्ये रिम आणि दगड यांच्यामधली हवेची गादी उलट ४ मिमी कमी. डांबरी वळणावर रुंद टायर छान. सैल खडीवर मात्र ती खडीच्या वर तरंगते, बारीक टायर खाली घट्ट थरापर्यंत पोचते. चिखलातही तेच.

साडेतीन_शहाणे

मऊ वाळूत बरोबर उलटं होतं, हेही सांगून टाका. नाहीतर उद्या कोणी देवबागच्या किनाऱ्यावर ९० ची टायर घेऊन रुतून बसेल आणि या धाग्याच्या नावाने बोटं मोडेल.

त्रिज्या

मान्य. वाळूत रुंद टायर, कमी हवा. पण किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. खारी वाळू आणि विजेचे कनेक्टर यांचं जमत नाही.

शेंगदाण्याची_पोळी

मग १२ इंची स्कूटरला १४ इंची रिम बसवून घेतली तर? फेसबुकवर एकाने केलंय.

कोनसेट

नका करू. हबमोटरमध्ये रिम आणि मोटर एकच भाग, तिथे प्रश्नच मिटतो. इतर गाड्यांत मडगार्डला टायर घासते, मागची बाजू उचलल्याने पुढच्या चाकाचा कोन बदलतो, वेग आणि किलोमीटर चुकीचे दाखवले जातात, आणि वॉरंटी गेली ती वेगळीच. मोठं चाक हवं असेल तर मुळातच मोठ्या चाकाची गाडी घ्यावी.

करण्यासारखं एक आहे. कंपनीची टायर झिजल्यावर त्याच मापात थोडी खोल खाचांची टायर मिळते. घेताना टायरवरचा आकडा बघा. ५४जे असेल तर ५४ म्हणजे एका टायरला २१२ किलोपर्यंत भार आणि जे म्हणजे ताशी १०० किमीपर्यंत. इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात, वर दोन माणसं आणि पोतं. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असलेली टायर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

रंकाळ्याचा_वारा

बरं, सिलिंडर आणि साडी मान्य. मग रिव्हर इंडीवर कोणच का बोलंना? १४ इंची चाकं, सपाट फ्लोअरबोर्ड, सीटखाली ४३ लिटर जागा.

साडेतीन_शहाणे

आता बोललात मुद्द्याचं. या वापराला कागदावर तीच सगळ्यात जवळची. दोन गोष्टी बघाव्या लागतील. एक, वजन १४० किलोच्या वर. खडीत उभी गाडी रिव्हर्स घेताना किंवा उतारावर मेन स्टँडला लावताना ते जाणवतं, आणि चालवणाऱ्याचे पाय टेकत नसतील तर आरामदायी असूनही ती गाडी डगमगती वाटणार. दोन, जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली की गल्लीतला गॅरेजवाला हात वर करतो. १०० किमीवर टेम्पोत घालून न्यावी लागणार असेल, तर १४ इंची चाकाचा फायदा टेम्पोच्या भाड्यात गेला.

हिरवा_चहा

इतका विचार करण्यापेक्षा ती विनालायसन्सची छोटी स्कूटर घ्या, पन्नास-साठ हजारात. दवाखान्याचे पैसे उरतील.

अर्धा_कप

दवाखान्यालाच लागतील. २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतली गाडी म्हणूनच तिला नोंदणी-लायसन्स लागत नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना १० इंची चाकं, काहींना अजूनही शिशाची बॅटरी. मागे आई आणि पुढे पोतं असताना जांभ्याच्या चढावर ती गाडी वर जाणार नाही, तुम्ही तिला वर न्याल.

पाणवठा

सस्पेन्शनवर सगळे बोलले, पण पोटावर कोणीच नाही. बऱ्याच ई-स्कूटरची बॅटरी पायांखाली असते. वजन खाली असल्याने गाडी स्थिर राहते, हे चांगलंच. पण त्याच कारणाने वर आलेला जांभा थेट बॅटरीच्या पेटीला लागतो.

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा. दोघे बसले की तो काही सेंमीने कमी होतो आणि खड्ड्यात शॉक दबला की आणखी. शोरूममध्ये दोघांनी बसून, तिसऱ्याला १० सेंमी जाडीचा लाकडी ठोकळा तळाखालून सरकवायला सांगा. अडकला तर ती गाडी तुमच्या वाटेची नाही. खाली धातूची पाटी आहे की नुसतं प्लास्टिक, तेही बघा. मागाहून पाटी लावायची तर बॅटरीच्या पेटीला भोकं पाडून कधीही नाही, चासीच्या बोल्टवर क्लॅम्पने.

पावसाबद्दल: आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरते. ही चाचणी स्थिर पाण्यातली. सर्व्हिसिंगच्या प्रेशरवॉशरचा फवारा ही वेगळी गोष्ट, त्याची हमी ६७ मध्ये नाही. चिखल काढायला बादली-मग आणि फडकं. चार्जिंगच्या झाकणाचं रबर महिन्यातून एकदा पुसा. तांबडी माती तिथे बसली की झाकण नीट लागत नाही.

सुरंगी

@पाणवठा, ठोकळ्याची कल्पना आवडली. घरातून पाट घेऊन जाते!

बॅटरी किती मोठी घ्यावी? सगळे मोठीच घ्या म्हणतात.

मीटर_रीडिंग

हिशेब करू. स्कूटरला साध्या रस्त्यावर किमीला २५ ते ३५ वॅट-तास लागतात. कच्चा रस्ता, दोन माणसं धरून ४० घ्या. ४० किमी म्हणजे १.६ युनिट. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर, सावंतवाडीकडून सुमारे ६०० मीटरचा चढ. गाडी आणि माणसं मिळून २७० किलो वर न्यायला नुसत्या उंचीचे ०.४४ युनिट, मोटरमधला तोटा धरून ०.५५ च्या आसपास. म्हणजे ३ ते ३.५ युनिटची बॅटरी रोजच्या फेरीला पुरून उरते; आंबोलीला जायचं तर तिथलं अंतर वेगळं धरा. त्याहून मोठी घेतली तर रोज नको असलेलं वजन कच्च्या वाटेवर वाहायचं.

घरी १५ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग मात्र आधी करून घ्या. बॅटरी तापलेली असताना, म्हणजे घाट चढून आल्या आल्या, चार्जिंगला लावू नका. अर्धा तास थांबा.

घाटमाथा

आंबोलीचा विषय निघाला म्हणून. वरून उतरताना बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजेन (मोटरच ब्रेकसारखी ओढून वीज बॅटरीत परत भरते ते) जवळजवळ चालत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नाही. थ्रॉटल सोडलं की गाडी ओढून धरेल या सवयीने गेलात तर पहिल्याच वळणावर ती मोकळी पळते. वर मुक्काम असेल तर ८५ ते ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

दुसरं, खडीवर रीजेन जास्त ठेवू नका. ते फक्त मागच्या चाकाला ओढतं. उतारावर मागचं चाक आधीच हलकं असतं, झटक्यात थ्रॉटल सोडलं की तेच चाक घसरतं. कमी-जास्त करायची सोय असेल तर कच्च्या वाटेला सगळ्यात कमी. आणि कॉम्बी ब्रेक असेल तर डावा लिव्हर दाबल्यावर पुढचाही ब्रेक लागतो, हे लक्षात ठेवून खडी येण्याआधी वेग कमी करा, खडीत शिरल्यावर नाही.

वाचनमात्र

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शेंगदाण्याची_पोळी

ई-सायकल कोणी सुचवली नाही म्हणून आश्चर्य वाटलं. ४ इंची जाड टायरच्या येतात की.

बोंबलाची_चटणी

आवशीक खंय बसवतलास, क्यारियरवर?

कोनसेट

गाडी कुठलीही घ्या, घेतल्यावर हे करा, त्याशिवाय आराम मिळणार नाही.

मागच्या शॉकला स्प्रिंग घट्ट-सैल करायच्या खाचा असतात; शोरूममधून तो बहुधा मधल्या किंवा सगळ्यात सैल खाचेवर येतो. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर बॉडीवरच्या एका बोल्टपर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घेऊन, दोघांनी बसून, तिसऱ्याकडून तेच अंतर. फरक मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या (ते वर-खाली जितकं हलू शकतं त्याच्या) तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा. समजा चाल ७५ मिमी, तर २५. चाळीस आला तर आधीच अर्धा शॉक संपलाय, खड्ड्यात तो तळाला आपटणार. हूक स्पॅनरने एक खाच घट्ट करा आणि परत मोजा. दोन शॉक असतील तर दोन्ही बाजू एकाच खाचेवर. याने स्प्रिंग कडक होते असा गैरसमज आहे. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त वर उचलली जाते आणि खाली जायला जागा मिळते.

पुढच्या टेलिस्कोपिकच्या दांड्यावर, उघडा दिसत असेल तर, एक झिप टाय सैलसर बांधून सीलपर्यंत सरकवा. कच्च्या वाटेने एक फेरी मारा. तो जिथे जाऊन थांबला तिथपर्यंत सस्पेन्शन दबलं. पार टोकाला गेला असेल तर स्प्रिंग कमी पडतेय. अर्ध्यातही गेला नसेल आणि तरी दणके बसत असतील, तर सस्पेन्शनला दोष देण्याआधी टायरमध्ये हवा जास्त नाही ना ते बघा.

त्रिज्या

+१. हवेबद्दल पुढे. पंपावरचा पोऱ्या डोळे मिटून पुढे-मागे ३५ भरतो. सीटखालच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर एकट्याचा आणि दोघांचा असे वेगळे आकडे असतात, ते थंड टायरचे. दीडशे-दोनशे रुपयांचा गेज घ्या. कच्च्या वाटेसाठी त्यातून फार तर २ पीएसआय कमी. त्याखाली गेलात तर ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटते किंवा दगडावर अलॉय वाकतो, आणि वाकलेल्या अलॉयमधून रोज थोडी थोडी हवा जाते. पंक्चर काढून काढून माणूस थकतो, पंक्चर नसतंच.

अर्धा_कप

फोर्कचं, म्हणजे पुढच्या टेलिस्कोपिकचं सील वाचवायचं तर आठवड्यातून दोनदा दांडा मऊ फडक्याने पुसा. तांबडी धूळ कानशीसारखी आहे. तेलाची गोल रेघ दिसली की सील गेलं समजा.

मृगजळ

मागे टॉप बॉक्स लावला तर आईंना टेकायला होईल ना?

साडेतीन_शहाणे

एका बाजूला बसणारी व्यक्ती पाठ टेकणार कशी? पाठ तर उजवीकडे असते. त्यांना डावीकडे पाय पूर्ण टेकेल अशी रुंद पायपट्टी हवी, चाकापासून साडी दूर ठेवणारी जाळी हवी आणि घट्ट धरायला दांडा. पायपट्टीची उंची अशी की गुडघा काटकोनात येईल. लोंबकळते पाय म्हणजे प्रत्येक दणका थेट कंबरेत.

शिवाय बॉक्स चाकाच्या आसाच्या मागे येतो. त्यात दहा किलो टाकले की पुढचं चाक हलकं होतं आणि खडीवर हँडल वळवळतं. जड सामान नेहमी फ्लोअरबोर्डवर, मध्यभागी, बांधून.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. यादी दोनवर आणली आहे, रिझ्टा आणि आयक्यूब, दोन्ही ३ युनिटच्या वरच्या बॅटरीत. इंडीचं वजन माझ्या उंचीला झेपणार नाही. रविवारी आईला घेऊनच टेस्ट राइड. दोघे बसून ठोकळा, आई मागे बसून मुद्दाम खराब पट्टा, मग हवेचा दाब स्टिकरप्रमाणे करून पुन्हा तोच पट्टा. काही राहिलं का?

कोनसेट

टेस्टची गाडी जुनी असेल तर पुढचं चाक उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर त्या गाडीचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेलेला आहे. तिच्यावरून नव्या गाडीच्या हँडलबद्दल मत बनवू नका, दुसरी मागा.

पाणवठा

आणि पाट न्या, पण शोरूमवाल्याला आधी सांगा. नाहीतर तो समजेल पूजेला आलात.

बोंबलाची_चटणी

पाटासोबत नारळ पण घेवन जा. येताना गाडीसमोर फोडूक होतलो.